जागा वाढल्या म्हणजे वृद्धचिकित्सक वाढतील का?

वृद्धांच्या वैद्यकाचे, म्हणजे जेरियाट्रिक्सचे, प्रशिक्षण कसे असावे यावर माझ्याबरोबर मुंबईत एमबीबीएस झालेल्या मित्रमैत्रिणींमध्ये बराच काळ वाद चालू आहे. काहींच्या मते राज्यातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात एमडी जेरियाट्रिक्सच्या जागा सुरू व्हायला हव्यात. काहींना एमडी मेडिसिननंतरची, अमेरिकेसारखी एक वर्षाची फेलोशिप पुरेशी वाटते. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की फिजिशियनकडे येणारे बहुतेक रुग्ण वयस्करच असतात, तेव्हा वेगळ्या शाखेची गरजच काय? पहिले दोन्ही पक्ष अमेरिकेचा दाखला देतात. मी ती फेलोशिप अमेरिकेत पूर्ण करून इथेच या शाखेत काम करते, त्यामुळे तो दाखला कितपत टिकतो हे सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

माझे मत आधीच नोंदवते. अभ्यासक्रम किती वर्षांचा आणि जागा किती, हे प्रश्न नंतरचे आहेत. शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरला कोणत्या पदावर घेणार आणि तो रुग्णाला देत असलेल्या वेळेचे पैसे कोण मोजणार, हे आधी ठरायला हवे. अमेरिकेने ते नीट ठरवले नाही आणि त्याचा परिणाम मी रोज पाहते.

इथे इंटर्नल मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी, त्यानंतर एक वर्षाची फेलोशिप आणि मग बोर्डाची परीक्षा, असा मार्ग आहे. पहिली परीक्षा १९८८ साली झाली. पूर्वी फेलोशिप दोन वर्षांची होती. अधिक डॉक्टरांनी या शाखेकडे वळावे म्हणून १९९० च्या दशकात ती एका वर्षावर आणली गेली. तरीही फेलोशिपसाठीच्या राष्ट्रीय मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि जागा यांची देशपातळीवर सांगड घालणाऱ्या प्रक्रियेत, अलीकडच्या वर्षांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक जागा रिकाम्या राहत आल्या आहेत. पासष्टीपुढच्या लोकांची संख्या सुमारे ६ कोटी आणि बोर्डाचे प्रमाणपत्र असलेले जेरियाट्रिशियन ७ हजारांच्या आसपास, असे हे प्रमाण आहे. जागा आहेत, शिकवणारे आहेत, फेलोला पगारही मिळतो. फक्त येणारे पुरेसे नाहीत.

याचे मोठे कारण आर्थिक आहे. रेसिडेन्सी संपवलेला डॉक्टर हॉस्पिटलिस्ट म्हणून, म्हणजे केवळ दाखल रुग्णांची जबाबदारी घेणारा फिजिशियन म्हणून, नोकरीला लागला तर त्याला फेलोच्या कितीतरी पट पगार मिळतो. फेलोशिपचे वर्ष संपवून बाहेर पडणाऱ्या जेरियाट्रिशियनचे उत्पन्न बहुतेक वेळा त्या हॉस्पिटलिस्टपेक्षा कमीच राहते. एक वर्ष अधिक शिकल्यावर उत्पन्न घटते अशा फार थोड्या शाखा आहेत आणि ही त्यांपैकी एक. ज्येष्ठांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली मेडिकेअर ही सरकारी विमायोजना प्रोसिजरला चांगला मोबदला देते. पाऊण तास रुग्णाशी आणि त्याच्या मुलीशी बोलून औषधांची फेरमांडणी करण्याला त्यामानाने फार कमी देते. शिक्षणाच्या कर्जाखाली दबलेला तरुण डॉक्टर या शाखेकडे वळत नाही, याचा दोष त्याला देणे मला योग्य वाटत नाही.

त्या रिकाम्या जागांमध्ये भारतातून आलेले पुष्कळ डॉक्टर शिरतात. त्यांतल्या काहींना या कामाची खरी ओढ असते, काहींसाठी व्हिसाचे गणित महत्त्वाचे असते. जे-१ या प्रशिक्षणार्थींच्या व्हिसावर आलेल्यांना प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. ते टाळायचे तर डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात तीन वर्षे काम करण्याची सवलत प्रत्येक राज्य वर्षाला ३० जणांना देऊ शकते. म्हणजे मुंबई-पुण्यात घडलेला डॉक्टर ओहायो किंवा कॅन्ससमधल्या आडगावच्या वृद्धांना तपासतो. मीही याच वाटेने आले, आणि त्या रुग्णांनी मला जे शिकवले त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

आता तिसऱ्या पक्षाच्या आक्षेपाकडे वळते, कारण तो सर्वांत गंभीर आहे. फेलोशिपच्या वर्षात फेलो वॉर्ड, स्मृतिभ्रंशाची ओपीडी, पुनर्वसन केंद्र, नर्सिंग होम, पॅलिएटिव्ह (असाध्य आजारात वेदना-त्रास कमी करणारा) विभाग आणि रुग्णाचे घर अशा सगळ्या ठिकाणी काम करतो. तिथे नवा आजार क्वचितच शिकवला जातो. जुनेच आजार एकाच शरीरात एकत्र आले की काय होते, ते शिकवले जाते. ब्लडप्रेशरसाठी अॅम्लोडिपिन दिले, त्याने पाय सुजले, सुजेसाठी लघवीची गोळी सुरू झाली, त्यामुळे रात्री तीनदा उठावे लागले आणि तिसऱ्या वेळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आजी पडल्या. या साखळीतला प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होता. साखळी मागे उलगडत नेऊन पहिली गोळी बदलणे हे जेरियाट्रिक्सचे रोजचे काम आहे, आणि वृद्धांना कोणती औषधे शक्यतो टाळावीत याच्या, बीअर्स निकष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याद्या त्यासाठी १९९१ पासून वापरात आहेत. शस्त्रक्रियेनंतर आजोबा रात्री असंबद्ध बोलू लागले, की झोपेचे इंजेक्शन देऊन हात बांधण्याआधी लघवी तुंबली आहे का, पोट साफ झाले आहे का, चष्मा आणि कानाचे यंत्र कुठे ठेवले आहे, हे पाहायचे असते. ऐकायला हे सोपे वाटते. पण साठ रुग्णांचा राउंड एका सकाळी संपवणाऱ्या एमडी मेडिसिनच्या रेसिडेंटला त्यासाठी ना वेळ असतो, ना ते कुणी हाताला धरून शिकवलेले असते.

याला पुरावाही आहे. रुग्णालयात दाखल वृद्धांची जेरियाट्रिक पथकाने सर्वांगीण तपासणी करून उपचार ठरवले तर काय फरक पडतो, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१७ साली आढावा घेतला. त्यात २९ चाचण्या आणि १३ हजारांहून अधिक रुग्ण होते. पुढच्या काही महिन्यांत जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता अशा रुग्णांमध्ये अधिक आढळली. ‘आम्हीही म्हातारी माणसे तपासतोच’ हे खरे असले, तरी या निष्कर्षाला ते उत्तर होत नाही.

इंग्लंडकडे आपल्याकडचे वाद घालणारे फारसे पाहत नाहीत, आणि मला तोच देश मुंबईसाठी अधिक उपयोगी वाटतो. १९३५ साली मार्जोरी वॉरन या डॉक्टरकडे वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात ७०० हून अधिक अंथरुणाला खिळलेल्या, ‘असाध्य’ ठरवलेल्या रुग्णांची जबाबदारी आली. त्यांनी प्रत्येकाला नव्याने तपासले, अनेकांना चालते केले आणि घरी पाठवले. ही शाखा तिथे गरिबांच्या वॉर्डात जन्मली; पुढे १९४८ च्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत तिला जिल्ह्याजिल्ह्यांच्या रुग्णालयांत पदे मिळत गेली. आज ती तिथल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय शाखांमध्ये गणली जाते. प्रशिक्षण अमेरिकेपेक्षा कितीतरी लांब आहे: इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षे आणि त्यानंतर जनरल मेडिसिनसह जेरियाट्रिक्सची आणखी चार. तरीही डॉक्टर तिकडे वळतात, कारण शेवटी कन्सल्टंटचे पद आहे आणि त्याचा पगार हृदयरोगतज्ज्ञाच्याच श्रेणीत आहे.

पैशाची रचना किती फरक पाडते याचे इंग्लंडमधलेच एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदणी तिथे २००७ साली सुरू झाली. २०१० पासून शस्त्रक्रिया ३६ तासांत आणि जेरियाट्रिशियनची तपासणी ७२ तासांत झाली, शिवाय इतर काही निकष पाळले, तर रुग्णालयाला त्या रुग्णामागे जादा रक्कम मिळू लागली. त्याबरोबर अस्थिरोग विभागांना आपल्या वॉर्डात जेरियाट्रिशियन हवासा वाटू लागला. २००७ ते २०११ या काळात फ्रॅक्चरनंतर तीस दिवसांत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले.

भारतात या शाखेची सुरुवात उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये १९७८ साली वृद्धांसाठी विभाग सुरू केला आणि देशातला पहिला एमडी जेरियाट्रिक्स अभ्यासक्रम १९९६ साली तिथेच उभा राहिला. केंद्राच्या वृद्धारोग्य कार्यक्रमाने २०१० नंतर प्रादेशिक केंद्रांत ३० आणि जिल्हा रुग्णालयांत १० खाटांचे विभाग योजले; पहिल्या आठ प्रादेशिक केंद्रांमध्ये आपले जे. जे. रुग्णालय होते. शिवाय आपल्याकडे एमबीबीएसनंतर थेट तीन वर्षांची स्वतंत्र एमडी आहे, म्हणजे कागदावर या शाखेचा दर्जा अमेरिकेतल्यापेक्षा वरचा आहे. अडचण पुढे येते. एमडी होऊन बाहेर पडलेल्याला त्याच नावाचे पद दिसत नाही, म्हणून तो जनरल फिजिशियन म्हणून बसतो किंवा आयसीयूच्या नोकरीला लागतो आणि तीन वर्षांचे खास शिक्षण हळूहळू विसरतो.

सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले, हे पाऊल मी मोठे मानते. पण ती योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे. जेरियाट्रिशियनचे काम रुग्णाला दाखल व्हावे लागू नये म्हणून असते; ते ओपीडीत आणि घरी चालते, आणि त्याचा मोबदला तिथे नाही. मेडिकेअरची चूक आपण नव्या रूपात करू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

गिरगाव, पार्ले, ठाणे इथे आईवडील असलेले परदेशातले ओळखीचे लोक मला विचारतात तो प्रश्न जवळजवळ सारखाच असतो: हृदयाची, मूत्रपिंडाची आणि मेंदूची अशा तिन्ही फायली एकत्र पाहणारा डॉक्टर तिथे कोण आहे? माझ्याकडे देण्यासारखी नावे फार थोडी असतात. ज्या घराला लिफ्ट नाही आणि जिथे दिवसभर ब्युरोची बाई सोबतीला असते, तिथे तिसऱ्या मजल्यावर जाऊन तपासणारा डॉक्टर तर आणखी दुर्मीळ.

म्हणून मुंबईपुरते माझे म्हणणे असे आहे. महापालिकेच्या केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांत आणि सरकारी जे. जे.मध्ये अस्थिरोग विभागाशी जोडलेले जेरियाट्रिशियनचे एकेक कायम पद आधी निर्माण करावे. खुब्याच्या फ्रॅक्चरने दाखल झालेला प्रत्येक वृद्ध तीन दिवसांत त्याच्या नजरेखालून गेला पाहिजे, एवढे एकच बंधन सुरुवातीला पुरेल. एमडीच्या जागा त्या पदांच्या प्रमाणात वाढवाव्यात. एक वर्षाची फेलोशिप जरूर असावी, पण ती एमडी मेडिसिन झालेल्यांपुरती न ठेवता दहा-पंधरा वर्षे प्रॅक्टिस केलेल्या फॅमिली डॉक्टरांनाही खुली करावी आणि दवाखाना बंद न ठेवता, आठवड्याचे दोन दिवस देऊन ती पूर्ण करता यावी, कारण चाळीतल्या आजींचे घर, सून आणि जिना ज्याला माहीत आहे त्याला हे शास्त्र सर्वांत लवकर उमगेल. ‘आपला दवाखाना’ची केंद्रे वस्त्यांमध्ये आहेतच; अशा डॉक्टरांना तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ केवळ औषधांच्या फेरतपासणीसाठी देता येईल आणि त्या वेळेचे मानधन ठरवता येईल.

तरुण डॉक्टर मला पत्र लिहून विचारतात की जेरियाट्रिक्ससाठी अमेरिकेत यावे का. शिकायला अवश्य यावे, असे मी सांगते. इथे हे वर्ष फार चांगले शिकवतात आणि त्यानंतर अध्यापन, घरपोच सेवा, नर्सिंग होमचे संचालन, पॅलिएटिव्ह मेडिसिन अशा अनेक वाटा खुल्या होतात. परत जाण्याबद्दल विचारले की मात्र मला त्यांना विचारावे लागते, की कोणत्या पदावर जाल? अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांच्या पदव्युत्तर पात्रतेला भारताने २००८ पासून मान्यता दिलेली आहे, तेव्हा कागदाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. महापालिकेने वर सांगितलेल्या एकाही पदाची जाहिरात काढली, तर इथून अर्ज करतील अशी माणसे माझ्या ओळखीत आहेत, आणि ज्यांना कायमचे परतणे शक्य नाही त्यांच्यापैकी अनेक जण दर आठवड्याला दूरस्थ पद्धतीने तिथल्या रेसिडेंटांबरोबर रुग्णचर्चा घ्यायला तयार आहेत; मीही त्यांच्यात आहे.