ती आमच्या घरातलीच आहे

परदेशातून कामाला बाई आणायचं ठरवलंत? छान. एक वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा: ‘ती आम्हाला घरातलीच आहे.’ हे जमलं की पुढचं बरंचसं आपोआप जमतं. घरातल्या माणसाला कोणी पगाराची पावती देतं का? आई रात्री बाळासाठी उठली तर ओव्हरटाइम मागते का?

घरातलीच असली तरी एजन्सीची पावती मात्र जपून ठेवा. ठरल्या मुदतीत पळून गेली किंवा पसंत पडली नाही, तर बदलून मिळते. बाकीच्या नातेवाइकांना ही सोय अजून लागू झालेली नाही.

विमानतळावरून घरी आणलंत की आधी पासपोर्ट कपाटात ठेवा. कुणी विचारलंच तर ‘हरवेल म्हणून ठेवलाय’ म्हणा. मुलं, शेत, कर्ज सगळं मागे टाकून ती एकटी समुद्रापार आली हे खरं, पण एवढीशी पुस्तिका तिला सांभाळता येईल याची काय खात्री? कुवेतच्या 2015 च्या कायद्याने असा पासपोर्ट काढून घ्यायला मनाई केली, पण घेतला तर काय शिक्षा, ते लिहायचं राहूनच गेलं. घाईत होतं असं.

मारहाण करू नका. ते अडाण्यांचं काम, शिवाय वळ दिसतात. तुमच्या हाताशी त्याहून सभ्य हत्यार आहे. आखातात आणि लेबनॉनमध्ये त्याला ‘कफाला’ म्हणतात, बाकी ठिकाणी वेगळी नावं. तिचा देशात राहण्याचा परवाना तुमच्या नावाला बांधलेला असतो, एवढंच त्यात आहे. सहा महिने पगार दिला नाहीत तर तो तुमच्या दोघांतला प्रश्न. पण ती दार उघडून बाहेर पडली की फरार ती आणि फिर्यादी तुम्ही. पोलीस शोधतात तेही तिलाच, सहा महिन्यांच्या पगाराला नाही.

सुट्टीचं थोडं अवघड आहे. कतारच्या 2017 च्या कायद्यात दिवसाला जास्तीत जास्त दहा तास काम आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी, असं स्पष्ट लिहिलंय. द्या ना सुट्टी, फक्त दाराची किल्ली देऊ नका. दिवसभर घरातच आहे म्हटल्यावर चार कपडे इस्त्री करणं तिला स्वतःलाच सुचतं. रात्री अडीचला बाळ रडलं तर ते तासांत धरायचं नाही, त्याला लळा म्हणतात. झोपायला व्हॅक्युम क्लीनर आणि इस्त्रीच्या टेबलामधली जागा पुरते. पाय सरळ होत नाहीत, पण आडवं व्हायला वेळ तरी कुठे असतो?

तपासणीची धास्ती नको. कारखान्यात सरकारी निरीक्षक कधीही टपकतो. घराचा उंबरा ओलांडताना मात्र त्याला खासगीपणा आठवतो. खासगीपणा अर्थात तुमचा. तिच्यासाठी स्वयंपाकघरात कॅमेरा आहेच.

कुणी जिनिव्हाचं नाव काढलं तर मान डोलवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा 189 क्रमांकाचा करार तिथे 2011 मध्ये संमत झाला: 396 मतं बाजूने, 16 विरोधात. कागदपत्रं कामगाराच्याच ताब्यात, आठवड्यात सलग 24 तास विश्रांती, सगळं त्यात आहे. टाळ्याही वाजल्या असतील. मग प्रतिनिधी आपापल्या देशी परतले आणि बहुतेकांना मंजुरीची सही करायला अजून सवड मिळालेली नाही.

पाठवणाऱ्या देशांचीही भीती बाळगू नका. फारच बोभाटा झाला तर ते बायकांनाच बंदी घालतात. इंडोनेशियाने 2015 मध्ये पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या 21 देशांत घरकामाला जायला बंदी केली. बंदीने कर्ज फिटत नाही, त्यामुळे बाया दलालामार्फत पर्यटक व्हिसावर येतात, आणि कागदावरच नसलेली बाई तक्रार कुठे करणार?

तरीही एखादी बोललीच, तर चोरीचा आळ घ्या. मात्र वस्तू नीट निवडा. सिंगापूरमध्ये एका बड्या कुटुंबाने नऊ वर्षांहून जास्त राबलेल्या इंडोनेशियन बाईला काढलं. दुसऱ्या घराची आणि ऑफिसची साफसफाई करून घेतल्याची तक्रार करीन, असं ती म्हणाली होती. मग चोरीची फिर्याद झाली. यादीत जुने कपडे होते, आणि एक बिघडलेला डीव्हीडी प्लेअर. खालच्या कोर्टाने 2019 मध्ये तिला 26 महिन्यांची शिक्षा दिली. 2020 मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडून कुटुंबाच्या हेतूवरच बोट ठेवलं. चालू स्थितीतला प्लेअर सांगितला असता तर निदान एवढी शोभा झाली नसती. मधली चार वर्षं ती कमाईविना परक्या देशात अडकून होती, हा भाग मात्र नमुनेदार.

जायच्या दिवशी तिची बॅग दिवाणखान्यात सगळ्यांसमोर उघडून बघा. पासपोर्ट विमानतळाच्या दारातच हातात ठेवा, आधी नको. मुलं रडतील, भाषा तिच्याकडूनच शिकलेली असतात. आठवडाभरात दुसरी येईल. तिचं नाव जिभेवर बसत नसेल तर पहिलीच्याच नावाने हाक मारा. मुलांना तेवढंच सोपं.