पाटीवरचा एक शब्द

आईबाबांचं घर विकायला काढलं तेव्हा फाटकावर पाटी लावायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहून घेतलं, 'घर तातडीने विकणे आहे'. 'तातडीने' हा शब्द माझाच. घाई अशी काही नव्हती, लोकांनी लवकर फोन करावा एवढंच डोक्यात होतं. फोन आलेही. पण जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "काय अडचण आहे?" कुणाला कर्जाचा संशय, कुणाला भावंडांच्या भांडणाचा. पाणी कसं येतं, छत गळतं का, हे विचारणारे थोडेच. किंमत सांगितली की घासाघीस पार तळापासून. महिन्याभराने मी तो शब्द रंग मारून पुसला. मग लोक खोल्यांबद्दल विचारू लागले.

तेव्हापासून अशा पाट्या मी थांबून वाचते. 'दलालांनी संपर्क साधू नये' वाचलं की मालक चिकट वाटतो. एकाच कुंपणावर तीन एजंटांचे फलक दिसले की घर खपत नाहीये असं वाटतं. सगळ्यात वाईट म्हणजे उन्हाने विटलेली पाटी. इतके दिवस कुणी घेतलं नाही, म्हणजे काहीतरी खोट असणार! खरं तर मालकाने किंमत अवाच्या सवा धरली असेल, वारसांच्या सह्या राहिल्या असतील, नाहीतर विकायचा विचारच बदलला असेल. पाटी सांगते विकणाऱ्याबद्दल, आणि आपण ते घराच्या भिंतींना चिकटवतो.

यात घेणाऱ्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं: मालाची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा हाताला लागेल त्या खुणेवरून अंदाज बांधतो. जाणकारही यातून सुटत नाहीत. 1987 मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या अमेरिकी संशोधकांनी एकच घर एजंटांना दाखवलं, माहितीही तीच दिली, फक्त मागणीची किंमत वेगवेगळी सांगितली. एजंटांचे अंदाज त्या आकड्यामागे गेले, आणि बहुतेकांनी आपण तो आकडा विचारात घेतल्याचं सांगितलंही नाही.

पाटीची भीती कुठवर जाते याचं मला सर्वात अस्वस्थ करणारं उदाहरण न्यू जर्सीतल्या विलिंगबरोचं आहे. गावात कृष्णवर्णीय कुटुंबं वाढू लागली तशी गोरी कुटुंबं घाबरून घरं विकतील, या धास्तीने तिथल्या प्रशासनाने 1974 मध्ये घरांसमोरच्या 'विकणे आहे' आणि 'विकले' अशा पाट्यांवरच बंदी घातली. 1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी. मला तो निकाल पटतो. पाटी झाकली म्हणून संशय जात नाही, उलट लोक शेजाऱ्यांच्या कुजबुजीवर विसंबतात.

म्हणून विकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: पाटीवर क्षेत्रफळ, खोल्या, चालू असलेला फोन नंबर लिहा. गरज, घाई, नाराजी लिहू नका. आणि घेणाऱ्यांनो, किती दिवस पडून आहे हे जरूर विचारा, पण आधी आत जाऊन नळ सोडून बघा, पावसाळ्यातल्या ओलीबद्दल विचारा, कागदपत्रं वकिलाला दाखवा.

आमचा व्यवहार झाला त्याच संध्याकाळी मी पाटी उतरवली. नवीन माणसं राहायला येताना ती तिथे दिसायला नको होती.