पंगत उठण्याआधी कागद गुंडाळण्याची कला

कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, फाइल काढून टाकणारा कोड लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले, तर घाबरण्याचे काहीच कारण नाही. बांधायला अक्कल लागते, मोडायला लागत नाही, असे आपल्याकडे पूर्वापार मानले जाते. फक्त एक गृहीत पक्के धरून चालावे: ज्या क्षणी तुम्ही फाइल पुसत आहात, त्या क्षणी तिच्याकडे दुसरे कोणीही पाहत नाही. प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्या भागावर, कोणी तीच फाइल उघडत असेल, तिसऱ्यावर कोणी तिचे नाव बदलत असेल, अशा शंका काढणाऱ्या सहकाऱ्याला चहाला पाठवावे आणि तो परत येण्याआधी कोड जमा करून टाकावा.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्त्यांना हा आत्मविश्वास नव्हता. त्यांनी कर्नलला फाइल काढायला सांगणाऱ्या या कॉलचे नाव ‘अनलिंक’ ठेवले, म्हणजे पुसण्याची भाषाच केली नाही. डिरेक्टरीत असते ते केवळ नाव. खरी फाइल म्हणजे आयनोड, फाइलची माहिती आणि तिची डिस्कवरची जागा सांगणारी नोंद. अनलिंक एक नाव तोडते आणि दुव्यांचा, म्हणजे त्या आयनोडकडे नेणाऱ्या नावांचा, आकडा एकाने कमी करते. तो आकडा शून्य झाला आणि फाइल उघडून बसलेला शेवटचा प्रोसेसही (चालू प्रोग्रॅम) उठला, की मग डिस्कवरची जागा मोकळी होते. आम्हा सीमाभागातील लोकांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे नाव सरकारी कागदावर बेळगावी झाले. जुने फलक उतरले, नवे चढले, आणि खानापूरहून निघालेली आजी अजूनही कंडक्टरकडे बेळगावचेच तिकीट मागते व बरोबर जिथे उतरायचे तिथेच उतरते. परंतु तुम्ही असल्या जुनाट भेदात पडू नये. नाव काढले की त्याच ओळीत, त्याच दमात, आयनोडची मेमरीही मोकळी करावी.

याचा परिणाम काय होतो, हे पाहायचे असेल तर कर्नल कशाला उघडायचा, आमच्याकडच्या एखाद्या लग्नाच्या पंगतीला बसावे. शहापुरातील एका कार्यालयात मी स्वतः पाहिलेली गोष्ट आहे. लांबलचक टेबलावर गुंडाळीचा पांढरा कागद पसरलेला, त्यावर पत्रावळी, प्रत्येक खुर्चीमागे पुढच्या पंगतीचा एकेक उमेदवार हात मागे बांधून उभा. बरीच मंडळी उठलेली पाहून आवरणाऱ्या पोराने पलीकडच्या टोकाने कागद गुंडाळायला सुरुवात केली. अलीकडच्या टोकाला एक वयस्कर मामा मठ्ठा-भात कालवून पहिला घास उचलत होते. कागद सरकला, पत्रावळ सरकली, मामांची बोटे जिथे भात होता तिथे गेली आणि उघड्या टेबलावर आपटली; मठ्ठा धोतरावर. पोराने मान वर करून आश्चर्याने विचारले, “मामा, तुमचं व्हायचं हाय व्हय अजून?” इथपर्यंत ठीक होते. परंतु दुसऱ्या पोराने तोवर त्याच जागी नवा कागद, नवे पान मांडले होते आणि वाढप्याने त्यावर दुसऱ्या पाहुण्यासाठी जिलेबी टाकली होती. मामांनी खाली न पाहता पुढचा घास घेतला तो त्या जिलेबीचा.

कर्नलमध्ये याला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. मोकळी केलेली मेमरी रिकामी राहत नाही, ती लगेच दुसऱ्या कोणाला तरी दिली जाते. जुना पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, धरून बसलेला मात्र तिला आपलेच पान समजून त्यात हात घालत राहतो. मामांच्या बाबतीत नुकसान एका जिलेबीचे झाले. कर्नलमध्ये त्या पानावर हल्लेखोराने मुद्दाम वाढून ठेवलेले असू शकते.

लिनक्स हा कर्नल लिहिणारे या एका कामासाठी केवढे सोपस्कार करतात, ते पाहून हसावे. आधी ते फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिचे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) घेतात, आणि नाव शोधतात तेही लॉक हातात आल्यावरच, म्हणजे शोधणे आणि तोडणे यांच्यामध्ये कोणी शिरू शकत नाही. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल काढायला घेतली, तर एकाचे काम होते आणि दुसऱ्याला ‘अशी फाइल नाही’ असे नम्रपणे कळवले जाते. नाव तोडण्याआधी ते त्या आयनोडचा स्वतःचा एक संदर्भ (‘मी अजून वापरतो आहे’ अशी नोंद) धरून ठेवतात आणि डिरेक्टरीचे लॉक सोडल्यावरच तो सोडतात, कारण मोठ्या फाइलचे ब्लॉक परत करायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळ्या डिरेक्टरीला ताटकळत ठेवणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. शेवटचा संदर्भ सोडताना संदर्भांचा आकडा शून्यावर येणे आणि आयनोडचे लॉक हाती येणे या दोन गोष्टी ते अशा बांधून घेतात, की शून्य झालेला आयनोड मधल्या फटीत कोणी पुन्हा एक करू शकत नाही. त्यावरही त्या आयनोडवर ‘मोकळा होत आहे’ अशी खूण लावतात, आणि तोच आयनोड क्रमांक शोधत कोणी आला तर त्याला ते काम संपेपर्यंत दारात थांबवतात. एवढ्या वेळात तुमच्यासारख्या कर्तबगार माणसाचे दोन प्रकल्प पूर्ण झाले असते.

तुम्ही आधी तपासावे, मग सावकाश कृती करावी. तपासणी आणि कृती यांच्यामध्ये जितके अंतर तितकी भारदस्ती अधिक. ही रीत कर्नलच्या बाहेरही चालते. जानेवारी २०२२ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मानक लायब्ररीतील अख्खी डिरेक्टरी काढणाऱ्या फंक्शनमध्ये हीच फट सापडली: ‘ही डिरेक्टरीच आहे, सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या ठिकाणाकडे बोट दाखवणारे नाव) नाही’ असे तपासून झाल्यावर आणि आत शिरण्याआधी कोणी तिथे लिंक ठेवली, तर अधिकार असलेला प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणच्या फाइली पुसून येत असे. मेमरीच्या बाबतीत काटेकोर म्हणून नावाजलेली भाषा, तिलाही ही फट चुकली नाही. १.५८.१ आवृत्तीत त्यांनी ती बुजवली. डिरेक्टरी एकदा उघडून तिचा डिस्क्रिप्टर (उघडल्यावर कर्नल देतो तो क्रमांक) हातात धरायचा आणि पुढचे सर्व काढणे त्या डिस्क्रिप्टरच्या आधारे करायचे, नावाने पुन्हा शोधायला जायचे नाही, असा तो उपाय आहे. निपाणीच्या स्टँडवर खिडकीतून आधी रुमाल टाकून मग दाराने चढणारा प्रवासी हेच करतो, पण त्याला कोणी संगणकतज्ज्ञ म्हणत नाही.

लॉक घ्यावीच लागली, तर मनाला येईल त्या क्रमाने घ्यावीत. टिळकवाडीत रेल्वे गेट पडले की दोन्ही बाजूंच्या गाड्या रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापून उभ्या राहतात आणि गेट उघडल्यावर एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसतात. हा देखावा कर्नलमध्ये उभा करणे अवघड नाही. एकाने आधी पालक (बाहेरची) डिरेक्टरी धरावी, दुसऱ्याने आधी मूल (तिच्या आतले) धरावे. लिनक्समध्ये आधी पालक व मग मूल असा ठरलेला क्रम आहे आणि एका डिरेक्टरीतून दुसरीत नाव हलवायचे तर त्या फाइलसिस्टिमवर (डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीवर) एका वेळी एकालाच ते करू देणारे वेगळे लॉक आहे. त्यावर लॉकडेप नावाचा तपासनीस २००६ पासून नेमलेला आहे, जो प्रत्यक्ष अडकण्याआधीच क्रम चुकल्याची चुगली करतो. तो बंद ठेवावा.

आरसीयूचे (रीड-कॉपी-अपडेट) तर नावही काढू नये. हे तंत्र २००२ पासून लिनक्समध्ये आहे आणि २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीपासून फाइलचा मार्ग शोधतानाही वापरले जाते. वाचणारा कोणतेही लॉक घेत नाही. काढणारा वस्तूकडे जाणारी वाट आधी बंद करतो, जे आधीच आत शिरले आहेत ते सर्व बाहेर पडेपर्यंत थांबतो आणि मगच मेमरी परत करतो. म्हणजे दार लावून घ्यायचे, पण जेवणाऱ्याला उठवायचे नाही. या थांबण्याला ते ग्रेस पीरियड म्हणतात. तो बहुधा काही मिलिसेकंदांचा असतो, तरी लोकांना तोही जड वाटतो, याची मला गंमत वाटते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला तेव्हा शाळेत जाणारी आमची मुले आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला जातात.

वीज जाण्याचाही विचार करू नये. नाव तोडलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची अनाथ यादी ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम डिस्कवर ठेवते आणि पुढच्या माउंटच्या (फाइलसिस्टिम पुन्हा जोडण्याच्या) वेळी ती जागा परत मिळवते. तुमच्या फाइलसिस्टिमला अशा पोरक्यांचा सांभाळ कशाला हवा?

आता राहिली चाचणी. ती एकाच कोअरच्या मशीनवर, दुपारी जेवणानंतर, एकट्याने करावी. दोन धाग्यांची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची, गाठ पडण्याची फट काही नॅनोसेकंदांची असते, ती तुमच्या टेबलावर सहसा उघडत नाही. ग्राहकाच्या चौसष्ट कोअरच्या सर्व्हरवर महिनाअखेरीस उघडते. तक्रार आली तर संशयाच्या जागी एक छापणारी ओळ घालावी. छापायला वेळ लागतो, त्या विलंबाने दोघांची चुकामूक होते आणि दोष नाहीसा होतो. मग ती ओळ तशीच राहू द्यावी, तिच्यावर ‘या ओळीला हात लावू नये’ अशी ठळक सूचना लिहावी, आणि सूचनेखाली स्वतःचे नाव मात्र लिहू नये.