पदवीधरांना आळशी ठरवण्यापूर्वी

'गोव्यातल्या मुलांना फक्त सरकारी नोकरीच हवी असते' असे सर्रास बोलले जाते. उत्तर गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या मुलांना अनेक वर्षे शिकवणारा म्हणून मला हे अजिबात मान्य नाही. केंद्राच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता आणि गोव्याचा ८.५ टक्के. एवढी तफावत केवळ आळसामुळे पडत नाही.

सत्तरीतल्या वाळपईच्या आसपासच्या गावातला एखादा बीकॉम झालेला मुलगा घ्या. दक्षिण गोव्यातल्या वेर्णा उद्योग वसाहतीत त्याला काम मिळते ते बहुधा कंत्राटदारामार्फत, आणि कंत्राट संपले की पुढचे काही सांगता येत नाही. रोज पहाटे बस धरून पणजी गाठायची, तिथे बस बदलून वेर्णा, आणि रात्रपाळी लागली की परतीची सोय नाही. म्हणजे खोली भाड्याने घेणे आले, खाणावळ आली. एवढे वजा जाऊन पगारातले घरी काहीच पोहोचत नसेल आणि त्याने ती नोकरी सोडली, तर दोष त्याला कसा द्यायचा? २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, त्यापूर्वी याच भागात ट्रक, बार्ज, गॅरेज आणि त्यांचे हिशेब लिहिण्याची कामे घराजवळ मिळत होती. खाणींनी शेतीचे आणि पाण्याचे केलेले नुकसान मी विसरलेलो नाही, पण गेलेल्या कामांच्या जागी तालुक्यात दुसरे काय उभे राहिले, हे कोणीतरी सांगायला हवे.

मग राहते सरकारी भरती. मामलेदार कचेरीतून आणलेला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड फाईलमध्ये जपून ठेवून मुले जाहिरातीची वाट पाहतात, आणि दरम्यान शिकलेले विसरत जातात. त्यातच २०२४ च्या अखेरीस नोकरीसाठी पैसे उकळल्याची प्रकरणे उघड झाली, आणि 'अभ्यास करून काय उपयोग?' असे पालकच विचारू लागले. या प्रश्नाला मी वर्गात ठाम उत्तर देऊ शकत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आम्ही महाविद्यालयांनीही इंटर्नशिप केवळ प्रमाणपत्रापुरती ठेवू नये. विद्यार्थ्याने तिथे प्रत्यक्ष काय केले, हे शिक्षकाने जाऊन पाहावे. सरकारकडे माझी मागणी एकच आहे. पदवीचे निकाल लागतात त्याच सुमारास कर्मचारी भरती आयोगाने वर्षभरात कोणत्या खात्यात किती पदे भरणार आणि परीक्षा कधी घेणार, हे तारखांसह जाहीर करावे, म्हणजे थांबायचे की दुसरी वाट धरायची, हे मुलांना वेळेवर ठरवता येईल.