बेळगावहून अमेरिका, व्हाया मुंबई

तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर होऊन बेंगळुरूला नाहीतर पुण्याला आयटीत लागली असेल आणि काही वर्षं झाली तरी भारतातच असेल, तर गल्लीत चौकशी सुरू झालीच असणार. 'जाणार म्हणत होता, खरं कधी?' असं विचारणाऱ्याचा स्वतःचा मुलगा कुठे आहे, हे उलट विचारायचं नसतं. त्यापेक्षा सरळ अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या तयारीला लागा. सीमाभागातल्या माणसाला हा व्हिसा इतरांपेक्षा सोपा जायला हवा, असं माझं प्रामाणिक मत आहे. अर्ज द्यायचा, पोच जपून ठेवायची, लांब कुठेतरी बसलेल्या माणसाच्या मर्जीची वाट बघायची आणि तोवर लग्नकार्यं, गणपती, पोरांच्या परीक्षा सगळं नेहमीसारखं चालू ठेवायचं, याचं शिक्षण आपल्याकडे १९५६ ला सीमाप्रश्न सुरू झाल्यापासून घरोघरी फुकट मिळतं.

कौशल्याची फार काळजी करू नका. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला आणि तो 'स्पेशालिटी ऑक्युपेशन'साठी आहे, म्हणजे ज्या कामाला त्याच विषयातली निदान पदवी लागते अशा कामासाठी. पदवी कागदावर हवी. हातात काय आहे ते विचारत नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत जाऊन बघा. तिथला मोल्डर वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो आणि ओल कमी आहे की जास्त ते सांगतो. पलीकडच्या शेडमधला लेथवाला सिलिंडरच्या आतून बोट फिरवून फिनिश कुठे बिघडलाय ते दाखवतो. अमेरिकेच्या लेखी हे दोघे कुशल नाहीत. तुमच्या चिरंजीवांनी मात्र मेकॅनिकलची पदवी घेतली, चार वर्षांत त्या वाळूला हात लावला नाही, कॅम्पसमधून थेट आयटीत गेले आणि आता एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याच्या तक्रारीवरून तिसऱ्याकडे पाठवतात. ते कुशल. मेकॅनिकलच्या पदवीचा आणि या कामाचा थेट संबंध काय, हे लिहून द्यायला कंपनीचा वकील असतो. ते पत्र जमलं तर वडिलांना वाचून दाखवा. आपल्या घरात एवढा मोठा माणूस राहत होता हे त्यांना पहिल्यांदाच कळेल.

मग सोडत. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांना आणखी २०,०००. मार्चमध्ये कंपनीने नाव नोंदवायचं, संगणक चिठ्ठ्या काढणार, नाव निघालं तरच पुढचा अर्ज, आणि सगळं पार पडलं तर १ ऑक्टोबरपासून काम. जगभरातली हुशार माणसं वेचून घेण्याची ही पद्धत. आपल्या भिशीत निदान शेवटच्या महिन्यात तरी प्रत्येकाचा नंबर लागतो.

नोंदणीची फी आधी १० डॉलर होती. एवढ्या स्वस्तात मिळाल्यावर माणूस जे करतो तेच झालं. एकेका उमेदवाराचं नाव चार-चार कंपन्यांकडून जाऊ लागलं. २०२३ च्या सोडतीला ७ लाख ८० हजारांवर नोंदण्या आल्या आणि त्यातल्या ४ लाखांहून जास्त, नाव एकापेक्षा अधिक वेळा आलेल्यांच्या होत्या. एक रेशनकार्ड इकडचं आणि एक सीमेपलीकडच्या चंदगडचं, असे किस्से ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. पण अमेरिकेला वाटलं. २०२४ पासून माणशी एकच चिठ्ठी झाली, २०२५ पासून फी २१५ डॉलर झाली आणि २०२६ च्या सोडतीपासून पगाराच्या चार पायऱ्या आल्या. सर्वात वरच्या पायरीवाल्याची चिठ्ठी चार वेळा पडते, खालच्याची एकदा. तेव्हा नुकतंच कॉलेज संपवलेल्यांना माझा सल्ला असा की त्यांनी आधी म्हातारं व्हावं.

तरीही नाव निघालंच, तर १९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा आहे. अमेरिकेबाहेरून नव्याने येणाऱ्या माणसासाठी कंपनीने १,००,००० डॉलर भरायचे. आपल्या हिशेबात नव्वद लाखांच्या आसपास. घाबरू नका, हे पैसे कंपनीचे आहेत. मॅनेजरला जेवणानंतर गाठा आणि 'सर, माझ्यासाठी एवढे भराल का?' असं नम्रपणे विचारा. रात्रपाळीच्या टॅक्सीचं सातशे रुपयांचं बिल त्यानेच नामंजूर केलं होतं हे त्या वेळी मनात आणू नका. हा आकडा वडिलांना मात्र अजिबात सांगू नका. ते लगेच खानापूरकडच्या जमिनीचा उतारा शोधायला बसतील, त्यात सात भाऊबंदांची नावं निघतील आणि तुमच्या व्हिसावरून घरात वाटण्यांचा दावा उभा राहील.

आता फॉर्म. डीएस-१६० नावाचा हा ऑनलाइन फॉर्म एकट्याने, दार लावून भरावा. घरच्यांसमोर भरलात तर काय होतं ते सांगतो.

पहिलं भांडण नावाचं. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरं. पासपोर्टवर पूर्ण नाव. वडिलांचं नाव शाळेत भरमा, आधार कार्डावर मात्र संगणकावर बसलेल्या मुलाने ब्रह्मा करून टाकलेलं. जन्मदाखल्यावर गाव बेलगाम आणि २०१४ नंतर काढलेल्या कागदांवर बेळगावी. तीन कागदांवरून एक माणूस उभा करणं हे व्हिसाच्या वाटेवरचं पहिलं खरं कौशल्याचं काम. यासाठी स्टॅम्पपेपरवर अॅफिडेव्हिट करून देणारे कोर्टाच्या आवारात बसलेले असतातच. त्यांना फक्त 'व्हिसासाठी' असं सांगू नका, दर वाढतो.

त्याच्या खाली एक चौकट येते: तुमचं पूर्ण नाव तुमच्या मूळ लिपीत लिहा. बघायला साधी चौकट आहे. आजोबा म्हणणार देवनागरी, याच्यावर चर्चा नाही. शाळा कन्नड माध्यमातून झालेली धाकटी बहीण म्हणणार, माझं नाव मला कन्नडमध्येच पटकन लिहिता येतं. काका म्हणणार, दुकानाच्या पाटीसारखं करा, साठ टक्के वर कन्नड आणि खाली उरलेल्या जागेत आपलं. तेवढ्यात वीस मिनिटं होऊन पान आपोआप बंद पडतं आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागतं. पुढे बोलता येणाऱ्या भाषा विचारतात. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, आणि खानापूरच्या जंगलाकडचे असाल तर कोकणीही. जगाला दाखवायला ही केवढी मोठी दौलत! पण कन्नड लिहावी की नको यावर घरात पुन्हा बैठक बसते. लिहा बिनधास्त. त्यावरून अमेरिका आपल्याला कर्नाटकात ठेवायचं की महाराष्ट्रात ते ठरवत नाही.

सर्वात धोक्याचा प्रश्न शेवटाकडे आहे. तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात काय? विचारणाऱ्याच्या मनात कुठले तरी डोंगराळ प्रदेश असावेत. पण इथे वडील खुर्चीत सावरून बसतात. 'विचारलंय ना? मग लिही की. शहाण्णव कुळी. देवकपण लिही.' त्यांना समजावण्यात वेळ घालवू नका. 'लिहिलं' म्हणा आणि 'नाही'वर टिचकी मारा. त्यानंतर दहशतवाद, हेरगिरी, मानवी तस्करी असे सगळे प्रश्न ओळीने येतात. आई प्रत्येकाला घाबरत 'नाही म्हण, नाही म्हण' करत राहते.

मागच्या पाच वर्षांत कुठल्या कुठल्या समाजमाध्यमावर खाती होती तेही लिहायचं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बीवाल्यांनी आणि त्यांच्यासोबत एच-फोरवर जाणाऱ्या बायको-नवऱ्यांनी आपली खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची आहेत. इथे सीमाभागातल्या तरुणाची खरी परीक्षा आहे. १ नोव्हेंबरच्या सकाळी इन्स्टाग्रामवर तो दंडाला काळी फीत लावून काळ्या दिनाच्या फेरीत उभा असतो. त्याच दिवशी दुपारी लिंक्डइनवर त्याने बेंगळुरूच्या टीमला लाल-पिवळ्या झेंड्यासह कर्नाटक राज्योत्सवाच्या शुभेच्छा दिलेल्या असतात, आणि खाली मॅनेजरचा अंगठा असतो. दोन्ही मनापासून. पहिला घराण्याच्या मनापासून, दुसरा अप्रेझलच्या. हे सगळं खिडकीपलीकडच्या कुणा टेक्सासच्या अधिकाऱ्याला समजावून सांगण्यापेक्षा त्याने ते न वाचलेलं बरं, अशी प्रार्थना करा. प्रार्थनेवरून आठवलं. हैदराबादजवळच्या चिलकूरला व्हिसाचा बालाजी आहे. मागताना ११ प्रदक्षिणा, मिळाल्यावर १०८. आगाऊ फी नाही, काम झाल्यावरच हिशेब. या धंद्यातली एवढी सचोटीची दुसरी कन्सल्टन्सी माझ्या पाहण्यात नाही.

आता आनंदाची बातमी. मुलाखतीला कर्नाटकातल्या माणसाने चेन्नईलाच गेलं पाहिजे अशी सक्ती नाही. भारतातलं कुठलंही केंद्र निवडता येतं. म्हणजे मुंबई निवडता येते. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने जे दिलं नाही, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात ज्याचा दावा पडून आहे, ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एका टिचकीत करून टाकलंय. बेळगावचा माणूस मुंबईत, तोही अधिकृतपणे, छापील पावतीसह. आजोबांना ती पावती दाखवा. सगळ्या प्रक्रियेत त्यांच्या समाधानाची तेवढीच जागा आहे. बेंगळुरूलाही अमेरिकेचा वाणिज्य दूतावास झालाय. जानेवारी २०२५ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा तिथे व्हिसाचं काम तेवढं नव्हतं. इमारत आधी आणि काम सवडीने, याचं आपल्याला काही वाटत नाही. वर्षाचे थोडे दिवस हिवाळी अधिवेशनाला उघडणारं सुवर्ण विधानसौध २०१२ पासून आपल्या हायवेला आहे.

रात्रीच्या स्लीपरने निघा. निपाणी गेली, कोगनोळीचा टोलनाका मागे पडला की गाडीतले दोन-तीन जण उगाच खिडकीबाहेर बघतात. तुम्ही फाईल बघा. आईने कुंद्याचा डबा दिला असेल तर तो बसमध्येच संपवा. वांद्र्याच्या बीकेसीत फोन, बॅग, डबा काहीच आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेर पैसे घेऊन सामान सांभाळणाऱ्याच्या हाती कुंदा देणं म्हणजे त्याचा निरोप घेणं. आत रांग, पुन्हा रांग, मग काच. सहा महिने जपलेल्या दोन किलोच्या फाईलमधला एखादा कागद मागतात, कधी तोही नाही. काय काम करता, पगार किती, क्लायंट कोण. तीन मिनिटांत आटोपतं. तुमच्या आत्याच्या मुलीचं स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी याहून जास्त विचारलं होतं. पासपोर्ट ठेवून घेतला तर सुटलात. २२१(जी)ची चिठ्ठी हातात आली तर त्याचा अर्थ 'नाही' असा नसतो आणि 'हो' असाही नसतो. आणखी तपास चालू आहे, कधी संपेल ते सांगता येत नाही, असं त्यात असतं. ही भाषा आपल्याला मातृभाषेइतकी येते.

तिकडे पोचल्यावरचं थोडक्यात. व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा. मंजूर होणाऱ्या दहा एच-वन-बींतले सातेक भारतात जन्मलेल्यांचे असतात, आणि नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात मात्र कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. लक्झेंबर्गलाही तेवढाच, आपल्यालाही तेवढाच. या समतेमुळे आपल्याकडच्या लोकांची रांग दशकांत मोजतात. स्थळ बघताना 'मुलगा एच-वन-बी' एवढंच बायोडेटात लिहा. मुलगी एम.टेक. असेल तर एच-फोरवर तिला लगेच नोकरी करता येणार नाही, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची गाडी ठरावीक टप्प्यापर्यंत गेल्यावरच ती परवानगी मागता येईल, हे लग्नानंतर सावकाश सांगितलेलं चालतं. तोवर तिला तिथे पुरणपोळीचे व्हिडिओ करता येतात.

आणि सोडतीत नाव निघालंच नाही तर? खचू नका. कंपनी म्हणेल, तेच काम बेंगळुरूत बसून कर, रात्री. अमेरिकेच्या घड्याळाने जगायला व्हिसा लागत नाही. गल्लीत मात्र उत्तर तयार ठेवा. 'मीच नको म्हटलं, आई-बाबांना कोण बघणार' हे आता कुणी मानत नाही, फार जणांनी वापरून झालंय. टॅरिफ, ट्रम्प वगैरे काढलंत तर समोरचा तासभर बसतो आणि चहा द्यावा लागतो. सरळ 'मॅटर कोर्टात आहे' म्हणा. बेळगावात त्यापुढे कुणी काही विचारत नाही.