अण्णांचा तंबोरा लावणे

पुण्यतिथीला अण्णांच्या फोटोला हार घालणं हे दोन मिनिटांचं काम. फोटोशेजारी त्यांचा तंबोरा सुरात लावणं, हे मात्र आमच्या घराण्यावरचं संकट आहे. (घराणं म्हणजे गाण्याचं नव्हे, आडनावाचं.)

अण्णांचं घर सांगलीत, जीव मिरजेत. उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्रभर गाणं ऐकायचं आणि सकाळी सतारमेकर गल्लीत चक्कर टाकूनच घरी यायचं. त्याच आवारात विसावलेले थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. अण्णांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं नव्हतं, पण विषय निघाला की ‘आमचे खाँसाहेब’. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अण्णा असते, तर “उशिरा का होईना, सुचलं,” एवढंच म्हणाले असते.

तर, तंबोरा. गवसणी काढली की भोपळ्याखाली चुंबळ लागते. ती माठाखाली असते. माठ हलवण्यावरून आईशी पहिली चकमक.

अण्णा गेले आषाढात, हा त्यांचा एकमेव गैरसोयीचा निर्णय. पावसाळी हवेत लाकडी खुंट्या फुगून बसतात. तशीच जोर लावून पिळली, तर खुंटी एकदम सुटते आणि तार तुटते. खुंटीला आधी हलकेच बाहेर ओढून सैल करायचं, मग आत दाबत दाबत फिरवायचं. नुसती फिरवली, तर सूर लागतो आणि हात काढताच उतरतो. वैशाखात उलटा त्रास: खुंटी आक्रसून घसरते, तेव्हा तिला खडू चोळायचा. त्यामुळे घरातल्या पोरांना खडू सापडत नाहीत.

आधी जोडीची (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) एक पोलादी तार षड्जाला, म्हणजे ‘सा’ला मिळवायची, मग दुसरी तिच्याशी. त्यानंतर पितळी खर्ज, म्हणजे खालचा ‘सा’, आणि शेवटी पंचम, म्हणजे ‘प’. खुंटीने जवळपास आणायचं, उरलेलं तारांत ओवलेल्या मण्यांनी. मणी घोडीपासून (तारा टेकतात त्या पट्टीपासून) खाली सरकवला की सूर चढतो. चार तारा लागेपर्यंत पहिली उतरलेली असते. ताण बदलला की दांडीही थोडी हलते. इथे पुण्याचा चुलतभाऊ “मोबाईलवर लावू का?” विचारतो. त्याला चहाला पाठवावं.

खरी मजा जवारीत, म्हणजे तारेच्या गुंजण्यात. घोडी आणि तार यांच्यामधलं सूत केसभर पुढेमागे करत राहायचं, तार मध्येच गुंजायला लागते. थोडं जास्त सरकलं की पत्र्याचा डबा. अण्णा डोळे मिटून हे करायचे आणि तेव्हा घरात कुकरची शिट्टीसुद्धा गुन्हा असे. घोडीवर तारांच्या खाचा पडल्या असतील, तर सूत काही करू शकत नाही. ती कारागिराकडे न्यावी. काकांना पॉलिशपेपर देऊ नये, ते मागतात.

शेवटी चारही तारा एकमेकींत विरघळतात, मधल्या बोटाने पंचम आणि तर्जनीने बाकीच्या तीन छेडल्या की खोली भरून जाते. फोटोतले अण्णा प्रसन्न वाटतात. तेवढ्यात आत्या पदर सावरून बसते आणि म्हणते, “मी मालकंस म्हणते हं, दादाला फार आवडायचा.”

मालकंस रागात पंचम नाही. ती तार मध्यमावर, म्हणजे ‘म’वर उतरवा, मग जोडी बघा, मग खर्ज.

“अरे, लागला का?” आतून आई. “पुऱ्या गार होताहेत!”