‘मोबाईलवर चालतंय, म्हणजे राउटर ठीकच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि थोडा राग आला, हे आधीच कबूल करतो. दुपारी शांतपणे पुन्हा वाचली, तेव्हा तुमचा एक मुद्दा मुकाट्याने मान्य करावा लागला. बाकीच्यांवर मात्र आपल्याला जरा भांडावं लागेल.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटत असेल तर काय बघावं, यावर मी लिहिलं होतं. ते वाचून या वाचकांनी विंडोजमधलं ‘नेटवर्क रीसेट’ करून पाहिलं. त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड उडाले, कामाचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) नव्याने बसवावं लागलं, आणि एवढं करूनही कनेक्शन तुटायचं ते तुटतंच आहे. मोबाईलवर तेच वाय-फाय मस्त चालतं, म्हणजे राउटरचा दोष नाही, असं त्यांचं म्हणणं. मग पिंग, चॅनेल, डेसिबल आणि मायक्रोवेव्हचं पुराण कशाला? ‘राउटर बंद-चालू करा आणि ड्रायव्हर अपडेट करा’ एवढी एक ओळ पुरली असती. (ड्रायव्हर म्हणजे विंडोज ज्याच्यामार्फत वाय-फायचं कार्ड चालवतं तो छोटा प्रोग्राम.) आणि शेवटी जाता जाता एक वाक्य: लॅपटॉप थोडा वेळ नुसता पडून राहिला की हमखास तुटतं.

या शेवटच्या वाक्याकडे नंतर येतो, कारण अख्ख्या प्रतिक्रियेत कामाचं तेच आहे.

आधी रीसेट. चूक माझी. विंडोज १० मध्ये २०१६ साली आलेलं हे बटण सगळी नेटवर्क कार्डं काढून टाकतं, पुन्हा बसवतं आणि सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर नेतं. पासवर्ड जाणार, व्हीपीएन बिघडू शकणार, हे मला माहीत होतं. मी त्याला ‘शेवटचा उपाय’ म्हणून मोकळा झालो आणि तो केला तर काय काय जातं, ते लिहायचंच राहिलं. आता लेखात ठळक अक्षरांत घातलंय. तुमचा वेळ गेला त्याबद्दल मनापासून सॉरी.

आता मोबाईल. हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की तो ऐकला की हल्ली हात आपोआप कपाळाकडे जातो. मोबाईलवर चालतं एवढ्यावरून राउटरला निर्दोष सोडता येत नाही. एकाच नावाखाली राउटर बहुधा दोन पट्टे चालवतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. मोबाईल मोकळ्या ५ वर बसलेला असतो आणि लॅपटॉप २.४ च्या गर्दीत चेंगरत असतो. नाव एकच असल्यामुळे तुम्हाला दोघं एकाच ठिकाणी बसल्यासारखे वाटतात. दुसरं म्हणजे, वाय-फाय कुरकुरायला लागलं की बरेच मोबाईल गुपचूप मोबाईल डेटावर जातात. तुम्ही ज्याला वाय-फायची करामत समजताय ती कदाचित सिमकार्डाची असेल. म्हणून मोबाईल डेटा बंद करा, मोबाईल लॅपटॉप असतो त्याच टेबलावर ठेवा आणि मग दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा. मग उलटी परीक्षा: लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा. तिथेही तुटत असेल तर दोष लॅपटॉपचा, हे मी तुमच्याआधी म्हणेन. पण या दोन परीक्षा न करता निकाल दिला तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

‘बंद-चालू करा’ या सल्ल्याशी माझं वैर नाही. मीही करतो. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. वाय-फाय रुसलेलं असतं तो क्षण माहितीने भरलेला असतो, आणि रीस्टार्ट केलं की ती सगळी पुसली जाते. चालू झालं म्हणून आपण खूश, आणि परवा पुन्हा तेच. त्यामुळे पुढच्या वेळी नेट अडकलं की राउटरकडे धावू नका. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. तुमच्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजा की राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता घेतलाय. अशा वेळी वेबसाइट, ब्राउझर, इंटरनेट कंपनी यांच्यापैकी कोणालाही शिव्या देण्यात अर्थ नसतो, गोष्ट तिथवर पोचलेलीच नाही.

पत्ता ठीक असेल तर तिथेच ‘डीफॉल्ट गेटवे’पुढे राउटरचा पत्ता असतो. त्याला पिंग (ping) करा, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवा आणि उत्तराला किती वेळ लागतो ते बघा. उत्तरं दोन-चार मिलिसेकंदांत, एका लयीत येत असतील तर वाय-फाय धडधाकट आहे आणि बिघाड राउटरच्या पलीकडे आहे. उत्तरं गळत असतील किंवा मध्येच शेकड्यांत उडी मारत असतील तर बिघाड हवेतच आहे. मग ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या एका सर्व्हरला पिंग, आणि शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नाव सापडतच नाही, असं असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. एवढ्याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि रोग नाकात आहे की पोटात हे कळतं. यालाच तुम्ही पुराण म्हणालात.

(एक गंमत. एकदा सगळे पिंग उत्तम आणि तरी एकही सुरक्षित पान उघडेना. लॅपटॉपची तारीख काही वर्षं मागे गेली होती. आतला छोटा सेल संपलेला. तारीख चुकली की ब्राउझरला समोरचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं वाटतं, आणि आपण वाय-फायला बडवत बसतो.)

मायक्रोवेव्हबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि २.४ च्या पट्ट्यात गोंधळ घालतो हे खरं, पण फक्त चालू असताना, आणि ५ च्या पट्ट्याला त्याचं काही नाही. दिवसभर तुटणाऱ्या वाय-फायचं खापर त्याच्यावर फोडणं चुकीचंच. त्यापेक्षा जवळचा संशयित लॅपटॉपलाच लटकलेला असतो: यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क किंवा तिची साधी, नीट न झाकलेली केबल. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पसरतो हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून मांडलंय. डिस्क काढा आणि फरक पडतो का बघा. फुकटची परीक्षा आहे.

ड्रायव्हरचंही तसंच. ‘अपडेट करा’ हा निम्माच सल्ला. कधीकधी परवापर्यंत नीट चाललेलं वाय-फाय अपडेटनंतरच आजारी पडतं. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे आधीचा ड्रायव्हर परत आणणारं बटण दाबता येतंय का ते आधी पाहावं. नवा हवाच असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यावा.

डेसिबलवर तुम्ही हसलात, म्हणून माझीच फजिती सांगतो. गेल्या वर्षी मी लॅपटॉप स्वतः उघडून पंख्यातली धूळ काढली. बंद केला, चालू केला, सगळं झकास. फक्त वाय-फाय लंगडायला लागलं. राउटर शेजारच्या खोलीत, मोबाईलवर उत्तम चालतं, म्हणजे (हो, मीही हेच म्हणालो) लॅपटॉपचं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर बदलले, चॅनेल (२.४ च्या पट्ट्यातली मार्गिका) १ वरून ६ वर आणि ६ वरून ११ वर नेलं, दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी आकडा बघितला. माझ्याकडे विंडोजऐवजी लिनक्स आहे, तिथे सिग्नल सरळ डीबीएममध्ये, म्हणजे डेसिबलच्या मापात दिसतो; आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. लॅपटॉप राउटरच्याच खोलीत नेऊन ठेवला तरी उणे ७६. तिथे उणे ४० ते ५० च्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं होतं. या मोजणीत दर १० ला दहापट फरक पडतो, म्हणजे ४६ ऐवजी ७६ म्हणजे सिग्नल हजार पटीने क्षीण. असला खड्डा कुठल्याही ड्रायव्हरने पडत नाही.

पुन्हा उघडला. वाय-फायचं कार्ड जेमतेम २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. त्याच्या डोक्यावर दोन वायरी येतात, एक काळी, एक पांढरी. त्या बिजागरीतून वर जातात, कारण बहुतेक लॅपटॉपांत खरा अँटेना पडद्याच्या चौकटीत असतो. टोकाला मोहरीएवढी पितळी टोपी, आणि ती कार्डावर टिचबटणासारखी बसते. काळीची टोपी निसटून कार्डाच्या कडेला नुसती टेकलेली होती, पांढरीची तिरकी बसली होती. पंखा ओढताना माझ्याच बोटाने झालेलं. नखाने सरळ करून दाबल्या, दोन्हींचा बारीक ‘टिक’ आवाज आला. आकडा उणे ४४. विंडोजमध्ये हाच सिग्नल टक्क्यांत दिसतो; त्या चार दांड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाने रंगवते. तुमचा लॅपटॉप अलीकडे कोणी उघडला होता का?

नसेल, तर तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. नुसता पडून राहिल्यावर तुटतं, हे वीज वाचवण्याचं लक्षण वाटतं. वापर नाही असं दिसलं की विंडोज वाय-फायच्या कार्डाला झोपवतं, आणि काही कार्डं उठवल्यावर धड जागी होत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आपलं कार्ड, त्यात ‘पॉवर मॅनेजमेंट’, आणि तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण असते ती काढायची. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत हा टॅबच दिसत नाही. तसं असेल तर कळवा, दुसरी वाट आहे.

आणि अंदाजावर जायचं नसेल तर विंडोज मागच्या तीन दिवसांचा वाय-फायचा अहवाल तयार करून देतं: कधी जोडलं, कधी तुटलं, का तुटलं, मध्ये लॅपटॉप कधी झोपला. आज्ञा मूळ लेखात तळाशी दिली आहे, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून द्यावी लागते. त्यातलं ‘तुटण्याचं कारण’ या रकान्यात काय लिहिलंय तेवढं इथे टाका. सोबत एक सांगा: चार्जर लावलेला असतानाही तुटतं, की फक्त बॅटरीवर?